कुमुदताईंचा दांडगोबा

परवा मुलुंडला एका लग्नात आमच्या जुन्या कॉलनीतली एक बाई भेटली. मठ्ठ्याचा पेला हातात धरून मला म्हणते, "अगं, त्या प्रधानांची बायको आठवते का? म्हातारपणी खेळण्यातली गाडी चालवायची ती? डोक्याने जरा कमीच होती ना?"

डोक्याने कमी! माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणून सांगू. तिथेच, नवरा-नवरीच्या स्टेजसमोर मी तिला सुनावलं, "बाई, तोंड सांभाळून बोल. डोक्याने कमी असतील तर तू, मी आणि त्या कॉलनीतली झाडून सगळी माणसं. कुमुदताई नव्हत्या." आमचे हे मागून माझा पदर ओढत होते. ओढू देत. घरी आले तरी राग उतरेना, तेव्हा म्हटलं एकदाचं लिहूनच टाकावं.

अंधेरीला, वर्सोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची कॉलनी. मी लग्न होऊन तिथे आले तेव्हा समोरच्या दारावर पितळी पाटी होती, 'मा. वि. प्रधान'. आत राहणाऱ्या बाईचं नाव काही पाटीवर नव्हतं. ती बाई पहिल्याच दिवशी बेल न वाजवता आमच्या स्वयंपाकघरात आली, माझा नवा कोरा प्रेशर कुकर उचलून उलटसुलट पाहिला, झाकण लावून काढून बघितलं आणि म्हणाली, "भांडखोर आहे, पण मनाने चांगला. टिकेल." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तूही तशीच दिसतेस. मी कुमुद. काकू म्हणालीस तर बोलणार नाही हं." म्हणून मी त्यांना ताई म्हणायला लागले.

पन्नाशी उलटलेली, उंच, काटकुळी बाई. पदर कायम कमरेला खोचलेला. आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरून कोणाला हाक मारली की रस्त्यावरचा भलताच रिक्षावाला थांबायचा. आणि चिडायच्या भारी! टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईवर चिडायच्या, न वाळणाऱ्या टॉवेलवर चिडायच्या, कुळकर्ण्यांच्या कढीपत्त्याच्या झाडावर चिडायच्या, कारण ते म्हणे कुंपणापलीकडे बघत वाढायचं. पण माणसावर चिडलेल्या मी फार कमी वेळा पाहिल्या. तिथे त्या गप्प व्हायच्या, आणि मग त्यांच्या वाटचं मलाच चिडावं लागायचं.

'स्वभाव' हा त्यांचा शब्द. वस्तू कुठलीही असो, "रंग बघू नको गं, स्वभाव बघ." भाजीवाल्याला सांगायच्या, "भैया, ये फ्लॉवर एकदम गोरा है, लेकिन इसको स्वभाव नहीं है." तो बिचारा फ्लॉवर उलटा करून स्वभाव शोधत बसायचा. वर्सोव्याहून हिराबाई कोळीण टोपली घेऊन यायची. तिच्या एकेका पापलेटाच्या डोळ्यात त्या डोळे घालून बघायच्या. "हा ताजा आहे गं, पण हिरमुसलेला आहे. दुसरा दाखव." हिराबाई कपाळावर हात मारायची. "हिला म्हावरा नको गो, जावय पायजे!" जिन्यात आम्ही तिघी हसत बसायचो आणि वर प्रधानसाहेब दार लोटून घ्यायचे.

हे प्रधानसाहेब म्हणजे एका कंपनीत वरच्या हुद्द्यावरचे गृहस्थ. गोरेपान, गोड बोलणारे, कॉलनीच्या गणपतीत आरतीला पुढे. त्यांच्याबद्दल कोणी वाईट बोलणार नाही. तीच तर माझी तक्रार आहे.

त्यांची फियाट होती. दर रविवारी ती धुण्याचं काम कुमुदताईंचं. नुसती धुण्याचं नाही, बॉनेट उघडून तेल-पाणी बघायचं कामही त्यांचंच. संध्याकाळी साहेब गेटातून आत वळले की या वरून आवाज ऐकून सांगायच्या, "क्लच घासतोय. उद्या गॅरेजला न्या म्हणावं." आणि खरंच क्लच गेलेला असायचा. पण गाडी चालवायची मात्र नाही! एकदा मी साहेबांना तोंडावर विचारलं, तर हसून म्हणाले, "अहो वीणाताई, गाडी म्हणजे काय पोळपाट-लाटणं आहे?" आणि आजूबाजूचे सगळे हसले. काय हसण्यासारखं होतं त्यात, मला अजून कळलेलं नाही.

बरं, त्यांना येत नव्हती म्हणावं, तर तसंही नाही. स्टेशनजवळच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये दुपारच्या वेळी जाऊन त्या गाडी शिकल्या होत्या आणि पहिल्या फटक्यात लायसन्स काढलं होतं. नवऱ्याला नेऊन दाखवलं. त्याने ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "फोटो बरा आलाय. झाली ना हौस? ठेव आता कपाटात." झालं! लायसन्स साड्यांच्या खाली गेलं आणि गाडीची किल्ली साहेबांच्या सदऱ्याच्या खिशात राहिली.

एकदा साहेब तापाने फणफणले. डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. कुमुदताईंनी लायसन्स काढलं, चपला घातल्या आणि किल्लीसाठी हात पुढे केला. दात वाजत असताना हा माणूस काय म्हणाला असेल? "खालच्या कुळकर्ण्यांना बोलाव." कुळकर्णी म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. ते आयुष्यभर स्कूटरवर बसलेले. त्यांनी गेटाबाहेर पडतानाच विजेच्या खांबाला गाडी घासली. कुमुदताई मागच्या सीटवर, नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या. पुढच्या रविवारी तो ओरखडाही कुमुदताईच पॉलिश लावून घासत होत्या. मला म्हणाल्या, "वीणा, तापात माणूस आईला हाक मारतो गं. यांनी किल्ली घट्ट धरून ठेवली होती." एवढंच बोलल्या आणि पुन्हा घासायला लागल्या. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगते, ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा शिरीष शिपवर होता. सुट्टीवर यायचा तेव्हा भल्यामोठ्या बॅगा भरून फॉरेनच्या वस्तू आणायचा. त्या काळात फॉरेनची वस्तू घरात येणं म्हणजे काय होतं, ते आजच्या पोरांना सांगून कळायचं नाही. ती वस्तू वापरायची नसायची! ती शोकेसमध्ये ठेवायची, वरचा प्लास्टिकचा कागदही काढायचा नाही. पाहुण्यांनी काचेबाहेरून बघायचं आणि आपण म्हणायचं, "मुलाने जपानहून आणलंय." प्रधानांच्या शोकेसला तर कुलूप होतं. साहेबांच्या वरच्या साहेबांकडे मुंज-बारसं-वाढदिवस काही निघालं की ते कुलूप उघडायचं आणि एक वस्तू नाहीशी व्हायची. शिरीषने आईसाठी आणलेली जॉर्जेटची साडी अशीच गेली. शिवणकामाच्या कात्रीचा संच गेला. हातात धरून फिरवायचा मिक्सर गेला. आणि साहेब मला तत्त्वज्ञान ऐकवायचे, "आहेर द्यायचा तर कोराच द्यावा. वापरलेलं देणं म्हणजे समोरच्याचा अपमान." समोरच्याच्या अपमानाची केवढी काळजी! घरातल्या माणसाचं काय ते मात्र विचारू नका.

शिरीष फोनवर दर खेपेला विचारायचा, "आईला काय आणू?" आणि उत्तर द्यायचे वडील. "तिला काय रे, परफ्यूम आण."

अशाच एका सुट्टीनंतर तो एक जाडजूड कॅटलॉग विसरून गेला. जपानी कंपनीचा, रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांचा. मी सकाळच्या शाळेत शिकवायचे, दुपारी घरी असायचे. कुमुदताई पिठाच्या हातांनी तशाच धावत आल्या. एका पानावर भलामोठा ट्रक होता. धड एवढंसं आणि चाकं राक्षसाची. लाकडाच्या ओंडक्यावर पुढचे दोन पाय टाकून उभा.

"चाकं बघ चाकं! आणि हा डबा आपल्या हातात धरायचा. आपण म्हणू तिकडे जातो. आपण म्हणू तिथे थांबतो. वीणा, याला किल्ली लागत नाही गं!"

त्यानंतर कित्येक दुपारी आमचा बघण्याचा कार्यक्रम चालला. कॅटलॉगमध्ये अक्षर कळेल तर शपथ, सगळं जपानी. त्यामुळे निवड चेहऱ्यावरून. त्या एकेका ट्रकला समोर बसवून तपासायच्या. "हा लाल बघ, भांग पाडून आलाय. पाहुण्यांसमोर गोड बोलेल आणि चिखल दिसला की आईला हाक मारेल. नको." पान उलटायचं. "हा भारी पळणारा दिसतोय. अडचणीच्या वेळीही पळणारच. नको." पुढे एक निळा होता, देखणा. त्याच्याकडे बराच वेळ भिंग लावून बघितलं आणि म्हणाल्या, "याचा बंपर बघ. वरचे साहेब आले की ओठ दुमडून हसणाऱ्यातला आहे. घरात एक आहे तेवढा पुरे."

मला आपला एक चंदेरी आवडला होता. मी दोनदा बोलून दाखवलं. तिसऱ्यांदा बोलले तशा भडकल्याच. "मला बघायला आले होते तेव्हा चालून दाखव म्हणाले, गाऊन दाखव म्हणाले. मुलगा कसा वाटला, हे मला एकाने तरी विचारलं का? साड्या यांच्या पसंतीच्या, पडदे यांच्या पसंतीचे, मुलाचं नाव यांच्या आत्याबाईंच्या पसंतीचं. जन्मात एक गोष्ट मी निवडतेय, आणि तू मेली चंदेरी-चंदेरी काय लावलंयस?" मी चहा टाकायला उठले.

शेवटी पसंत पडला तो मळकट हिरवा. नाक चपटं, दिवे लांब लांब, पुढची चाकं जरा तिरकी. मी म्हटलं, "अहो ताई, हा कसला आवडला?"

"कोणाला आवडावं म्हणून हा उभाच राहिलेला नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून आवडला. पडला तर पार उलटा पडेल, पण रडत येणार नाही. दांडगोबा आहे दांडगोबा!" आणि तेच नाव पडलं.

पुढच्या वेळी शिरीषचा फोन आला तेव्हा त्यांनी नवऱ्याच्या हातातून रिसीव्हर अक्षरशः हिसकावला. मी तिथेच होते. पलीकडून शिरीष काहीतरी समजावत होता, की ते हौशी लोकांचं असतं, सुटे भाग येतात, स्वतः जोडावं लागतं. त्यावर आई म्हणते, "मग काय झालं? तुला नाही का जोडला मी?"

पोरगा गुणी. त्याने आणला. आईच्या हातात खोका दिला आणि थोड्या दिवसांनी पुढच्या शिपवर गेला. मग जेवणाचं टेबल हे कुमुदताईंचं वर्कशॉप झालं. ताटात वाट्या मांडलेल्या, एका वाटीत लांब स्क्रू, दुसरीत आखूड, तिसरीत बेअरिंग. वाचायला काही येत नव्हतं, चित्रं बघून काम. एकदा सगळं जोडून झाल्यावर चाकं फिरवली तर पुढची पुढे आणि मागची मागे जायला लागली. दुसरी कोणी असती तर रडली असती. या स्वतःला शिव्या घालत सगळं खोलून पुन्हा पहिल्यापासून बसल्या. महिना त्यात गेला. प्रधानसाहेब संध्याकाळी येऊन कौतुकाने म्हणायचे, "चालू दे, चालू दे. तेवढाच विरंगुळा." विरंगुळा!

दांडगोबा तयार झाला त्या दिवशी मी म्हटलं, "चालवून बघा की." तर नाही म्हणाल्या. "पहिली चक्कर मातीत. फरशीवर नाही चालवायचा. रविवारी मोकळ्या जागेत नेऊ." मी किती मागे लागले, इथल्या इथे दोन पावलं तरी चालवा. पण हट्टी बाई. तिथेच घोटाळा झाला.

मी त्यांची वाटी परत द्यायला गेले होते तेव्हाची गोष्ट. साहेब ऑफिसातून आले. टेबलावरचा ट्रक पाहून हरखले. "अगं कुमुद, झकास झालाय! दुकानातून आणल्यासारखा." दोन्ही हातांनी उचलला, शोकेसमध्ये ठेवला, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. "रविवारी आमच्या साहेबांच्या नातवाचा वाढदिवस आहे. काय द्यायचं हा प्रश्नच मिटला."

"तो माझा आहे," कुमुदताई म्हणाल्या.

"तुझाच आहे गं. तुझं-माझं काय आहे त्यात? तू शिरीषकडून दुसरा मागव."

"दुसरा नको. मी हा निवडलाय."

"या वयात गाडी-गाडी खेळणार आहेस का? लोक काय म्हणतील? माझ्या बढतीचे कागद साहेबांच्या टेबलावर आहेत, कळतंय का तुला?"

आणि हे सगळं हसत हसत, लाडीगोडीने हो! आवाज चढवला असता, दोन शिव्या दिल्या असत्या, तर निदान भांडता तरी आलं असतं. मला राहवेना. म्हटलं, "साहेब, महिनाभर खपून जोडलाय त्यांनी." तर माझ्याकडे वळून तेच हसू. "वीणाताई, आपापल्या घरात आपण बघावं, नाही का?" कुमुदताईंनी माझ्या हातातली वाटी घेतली आणि त्या आत गेल्या.

कॉलनीत बातमी पसरायला काय लागतं! आणि झाडून सगळे साहेबांच्या बाजूचे. कुळकर्णी म्हणाले, "बाईमाणसाने हट्ट धरावा, पण साडीचा धरावा." त्यांची बायको म्हणाली, "लहान मुलाच्या तोंडचा घास काढून घ्यायचा म्हणजे काय!" ज्या मुलाच्या घरात खेळण्यांचं कपाट ओसंडून वाहत होतं, त्याच्या तोंडचा घास! आमच्या घरीही तेच. हे म्हणाले, "खेळण्यासाठी बायका कधी भांडतात का?" मी त्यांना त्या दिवशी नुसता कोरडा भात वाढला.

शनिवारी दुपारी मी नुकती जेवून उठले होते. कुमुदताई नेहमीसारख्या बेल न वाजवता आल्या. हातात चादरीत गुंडाळलेलं मोठं गाठोडं. "चल. रिक्षा थांबवलीय." मी त्यांच्या उघड्या दारातून आत पाहिलं आणि बघतच राहिले. शोकेसचं कुलूप जिथल्या तिथे लटकत होतं. काचेचं अख्खं दार मात्र भिंतीला टेकवून ठेवलेलं, आणि बिजागऱ्यांचे स्क्रू एका वाटीत नीट काढून ठेवलेले.

"कुलपाला मी हात लावला नाही हं," त्या म्हणाल्या. "कुलूप त्यांचं आहे."

वर्सोव्याला कोळीवाड्याशी उतरलो. भर दुपारचं ऊन, बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, होड्या ओढून वर काढलेल्या. हिराबाई सावलीत बसून सुकट निवडत होती. आम्हाला बघून उठलीच. "काय गो बाय, ह्यो काय आनलास?"

"माझी गाडी," कुमुदताई म्हणाल्या. दांडगोबा वाळूत ठेवला. रिमोटची एरियल पूर्ण ओढली, त्यांच्या डोक्याच्या वर गेली. गाडीच्या बॉनेटमध्ये कोपरापर्यंत हात घालणारी ती बाई, पण अंगठा काही पुढे सरकेना. मला म्हणाल्या, "वीणा, नाही वळला तर?" मी म्हटलं, "वळेल हो. न वळून जातोय कुठे मेला!"

तो गुरगुरला आणि सुटला. काय सुटला म्हणून सांगू! ओल्या वाळूतून, दोरखंडावरून, जाळ्यांच्या ढिगावर चढून पलीकडे धप्पकन. कुत्री भुंकत मागे. एका होडीच्या आडोशाला पार उलटा झाला, चारी चाकं आभाळाकडे गरागरा. कुमुदताई पदर सावरत धावल्या, सरळ केला, पुन्हा सोडला. "डावीकडे म्हटलं की डावीकडे! बघितलंस? वळ म्हटलं की वळतो गं!" हिराबाई हसून हसून वाळूत बसली. मग त्यांनी ट्रक फिरवला आणि खाडीकडच्या काळ्या चिखलात घातला.

मी ओरडले, "ताई, पुरे! खराब होईल!"

"खराबच करायचाय!" त्याही ओरडल्या. चष्मा चिखलाने भरलेला, गालांवरून पाणी वाहतंय. "कोरी वस्तू लोक उचलून नेतात, वीणा! कोरी राहिली की नेतात!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वापरलेली वस्तू साहेब आहेरात देणार नव्हते. त्यांचंच तत्त्व! मी हिराबाईच्या बादलीतलं मासे धुतलेलं पाणी घेतलं आणि स्वतःच्या हाताने दांडगोबावर ओतलं. सांगायला मला आजही लाज वाटत नाही.

घरी आलो तर साहेब चकचकीत कागद आणि रिबीन घेऊन उघड्या शोकेससमोर उभे. कुमुदताईंनी ट्रक जेवणाच्या टेबलावर ठेवला. चिखल टपकत होता, चाकांना माशांचे खवले चिकटलेले, एक दिवा वाकलेला, आणि वास तर असा की पाली बाहेर पडाव्यात.

"हे काय केलंस तू?"

"वापरला," कुमुदताई म्हणाल्या.

"आता मी साहेबांकडे काय नेऊ?"

"परफ्यूम न्या. माझ्यासाठी आणलेला एक उरलाय."

आणि आत जाऊन त्यांनी गोड्या पाण्याची बादली भरली. दांडगोबा पुन्हा सगळा खोलला, खारं पाणी धुऊन काढलं, एकेक भाग कोरडा केला, तेल दिलं, जोडला. दुसऱ्या दिवशी वाढदिवसाला साहेब एकटेच गेले. कुमुदताई खाली कंपाउंडमध्ये गाडी चालवत होत्या.

पुढे साहेबांची बढती हुकली. लगेच कॉलनीने ठरवून टाकलं, या ट्रकमुळे! अरे, इतक्या वर्षांच्या साड्या, कात्र्या आणि मिक्सर घेऊन ज्याने बढती दिली नाही, तो एका ट्रकने देणार होता? पण नाही, बायको वाईट. सोसायटीच्या बोर्डावर सूचना लागली की कंपाउंडमध्ये यांत्रिक खेळणी चालवू नयेत. कुमुदताई ती शांतपणे वाचायच्या आणि चालवायच्या. रोज संध्याकाळी. पायऱ्यांवरून उतरवायच्या, विटांवरून चढवायच्या. बायका गच्चीतून बघून तोंडाला पदर लावायच्या. लग्नात भेटलेली ती मठ्ठेवाली त्यांच्यातलीच.

साहेब रिटायर झाले आणि त्यांनी बोरिवलीला जागा घेतली. जाण्याआधी फियाट विकली. कोणाला? कुळकर्ण्यांच्या मेव्हण्याला. आयुष्यभर जी किल्ली बायकोच्या हातात दिली नाही, ती परक्या माणसाच्या तळहातावर ठेवली आणि वर पेढाही दिला. मला हे आठवलं की आजही अन्नपाणी गोड लागत नाही. कुमुदताई बाल्कनीतून गाडी जाताना बघत होत्या. "सेकंड गिअर लवकर टाकला त्याने," एवढंच म्हणाल्या.

निघायच्या दिवशी सामानाचा टेम्पो भरून गेटाशी उभा होता. ड्रायव्हरशेजारी साहेब बसले होते, बाहेरच्या बाजूला बायकोपुरती जागा ठेवून. मी दही घेऊन खाली गेले. कुमुदताईंनी तळहातावर घेऊन खाल्लं, हात पदराला पुसला, माझ्या गालावरून बोटं फिरवली. मग काखेतला दांडगोबा टेम्पोच्या पुढे, रस्त्याच्या बरोब्बर मध्यावर ठेवला आणि एरियल ओढली.

वॉचमनने ट्रकसाठी बाजूचं छोटं गेट उघडलं.

"ते नको," त्या म्हणाल्या. "मोठं उघड."

त्याने साहेबांकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं, आणि मोठं गेट उघडलं. दांडगोबा बाहेर पडला. त्याच्यामागे रिमोट हातात धरून कुमुदताई, आरामात, एकेक पाऊल टाकत. त्यांच्यामागे घुरघुरत टेम्पो. गल्ली अरुंद, बाजूने काढायला जागा नाही. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. खिडकीतून साहेबांनी डोकं बाहेर काढलं. "कुमुद, अगं बाजूला हो! बस वर, उशीर होतोय!"

त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्यांचा तो आवाज सगळ्या गल्लीला ऐकू गेला.

"हॉर्न वाजवू नका. मागून या."